परक्या फळीची दारं

एल्सेनरोटमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा दारांचेच फोटो काढतो. गाव ते केवढं, दोन टेकड्यांच्या बेचक्यात बसलेलं, मधून एक ओढा, वर बीचच्या झाडांचं जंगल आणि पलीकडे वाऱ्याने झोडपलेली शेतं. पण इथल्या प्रत्येक घराच्या दारात एक फळी वेगळ्या लाकडाची असते. ओकच्या दारात बीचची, बीचच्या दारात देवदाराची. परवा-परवा बांधलेल्या घरांना काचेची दारं आली, तर त्या लोकांनीही एक उभा पट्टा तपकिरी रंगवून घेतला. पाहुण्यांना वाटतं, ही इथली कलाकुसर आहे. कसली आलीय कलाकुसर! गावाने एका बाईचा किती अंत पाहिला, त्याची ही निशाणी आहे. नीट ऐका, म्हणजे फोटो काढताना निदान हसणार तरी नाही.

फार जुनी गोष्ट, लांबलेलं युद्ध नुकतं संपलं होतं तेव्हाची. त्या काळी घरांची छपरं गवताची असायची. आगीच्या भीतीने घरात पाव भाजायला बंदी होती. साऱ्या गावाला मिळून एकच दगडी भट्टी, ओढ्याकाठी. ती आजही तिथेच आहे. शनिवारी ती पेटायची आणि घरामागून घर आपापले पाव भाजून न्यायचं. आता यात मेख अशी, की आठवडाभर गार पडलेली भट्टी पहिल्यांदा तापवायला गाडीभर लाकूड लागतं. आतले दगड काजळीने आधी काळे पडतात आणि पुरते तापले की पांढरे दिसू लागतात. तोवर जाळत राहायचं. पुढच्यांना मात्र काटक्यांची एकेक मोळी पुरते. म्हणजे पहिली पाळी ज्याची, त्याचं कंबरडं मोडलं.

म्हणून सोडत काढायचे. प्रत्येक घराची खूण कोरलेला एकेक लाकडी तुकडा कातडी पिशवीत टाकायचा आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, संत मार्टिनच्या दिवशी, भट्टीचा राखणदार वेंडेलीन ते एकेक करून बाहेर काढायचा. जो क्रम लागेल तो वसंतापर्यंत कायम. पहिली पाळी नाकारली, तर भट्टीचा हक्क गेला. आणि हक्क कुणाला? तर ज्या घराला दार आहे आणि ज्याच्या छपरातून धूर निघतो, त्याला. नियम असे, आणि नियमांवर या गावाचं पोटच्या पोरांहून जास्त प्रेम.

त्या वर्षी पहिला तुकडा निघाला ओटिलियाचा.

ओटिलियाचा नवरा आदल्या वर्षीच जंगलात गेला होता. गावासाठी लाकूड तोडत असताना झाड अंगावर पडलं. घरात म्हातारी सासू आणि दोन लहान मुली. जंगलातल्या लाकडाचा वाटा मिळायचा तो कुऱ्हाड घेऊन माणूस पाठवणाऱ्या घराला. हिच्या घरातून पाठवायला माणूसच उरला नव्हता, म्हणून वाटा बंद. तो माणूस ज्या कामात गेला त्याच कामाचं लाकूड त्याच्या घराला नाही. ओटिलियाला हे सारखं आठवायचं, पण रडायला तिला वेळ नव्हता.

ती गावप्रमुख एंगेलबर्टकडे गेली. त्याने लिंडनच्या झाडाखाली सभा बोलावली. एकेकाने उठून सांगितलं, ओटिलियाचं म्हणणं खरं आहे. सगळ्यांनाच पटलं हो, एकजात सगळ्यांना!

"मग बदला," ती म्हणाली.

"पुढच्या मार्टिनला विचार करू," एंगेलबर्ट म्हणाला. "सोडत एकदा झाली की झाली. मी कोण ती मोडणारा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे घरी गेले. तिने वेंडेलीनला गाठलं, तर त्याने कानावर हात ठेवले. शेजारणीकडे लाकूड मागितलं. ती म्हणाली, तुला दिलं तर उद्या सगळेच मागतील. ओटिलियाला वाटलं, या माणसांनी आपल्याला वाईट म्हटलं असतं, हाकलून दिलं असतं, तरी परवडलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं. तुझं खरं आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग तिने जाळायला सुरुवात केली. आधी शेळ्यांचं कुंपण गेलं. मग माळ्याच्या फळ्या, मग टेबल, मग बाकं. दर शनिवारी ती भट्टी पेटवायची, राय नावाच्या धान्याचे आपले काळसर पाव भाजायची, आणि मागून सारं गाव त्याच उबेवर आपापले पाव काढून हसतमुखाने घरी जायचं. कुणीतरी म्हणायचं, यंदा भट्टी छान तापते. ती राख उपसत राहायची.

शेवटी सासूच्या खाटेखेरीज घरात जाळण्याजोगं दारच तेवढं उरलं. नवऱ्याने लग्नाच्या आधी ओकचं घडवलेलं. सासू म्हणाली, "माझी खाट घे." ओटिलियाने ऐकलं नाही. तिने बिजागऱ्या उपटल्या, दार पाठीवर घेऊन ओढ्याकाठी नेलं आणि फोडलं. दाराच्या जागी घोंगडी टांगली. असं सांगतात की त्या शनिवारी पाव जितके फुलले तितके कधीच फुलले नव्हते, आणि गावाने ते चवीने खाल्ले.

पुढच्या आठवड्यात वेंडेलीन आला. खाली मान घालून म्हणाला, "एंगेलबर्टने विचारायला सांगितलंय, तुझं दार कुठे आहे?"

"तुम्ही खाल्लंत ते," ओटिलिया म्हणाली.

पण नियम म्हणजे नियम. दार नाही म्हणजे घर नाही, घर नाही म्हणजे हक्क नाही. पिशवीतून तिची खूण काढून टाकली. आता या माणसांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा. ओटिलियाने घोंगडी आतून दोरीने बांधून घेतली आणि मुलींना कण्या शिजवून घातल्या. पाव तर गेलाच होता. पण आपलं घर, ज्यात चार जिवंत माणसं बसली आहेत, ते घरच नाही म्हणतात, हे तिच्या डोक्यातून जाईना.

शनिवार आला. पहिला नंबर गेला, तेव्हा दुसरा पुढे यायला हवा. दुसरा होता खुद्द एंगेलबर्ट. तो म्हणाला, "माझी सोडत दुसरी निघाली. दुसरा पहिला होतो, असं नियमात कुठे आहे?" तिसराही तसंच म्हणाला, चौथाही. झालं! साऱ्या गावाची कणकेची काठवटं भट्टीभोवती मांडलेली, कणीक फुगून बाहेर सांडतेय, आणि काडी ओढायला कुणी तयार नाही. कणीक आंबून गेली. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. वर बर्फ पडत राहिला आणि गाव कण्यांवर आलं.

भूक लागल्यावर सगळ्यांनी गुपचूप थोडंथोडं लाकूड आणून भट्टी पेटवलीच. पण धूर धुराड्याने वर जाईना. भट्टीच्या तोंडातून उलटा बाहेर येई आणि माणसांचे डोळे झोंबवून सोडी. आताची पोरं म्हणतात, ओल धरली असेल. असेल बापडी. गावाने मात्र तेव्हा ओळखलं, भट्टी कुणासाठी अडून बसली आहे ते.

सगळे ओटिलियाच्या घोंगडीपुढे येऊन उभे राहिले. एंगेलबर्टने तिला हाक मारली.

"कुणाला हाक मारतोस?" आतून आवाज आला. "इथे घर नाही. तूच ठरवलंस."

एंगेलबर्ट मागे वळला. मग घरी गेला, आपल्या दाराची एक फळी उचकटली आणि ती आणून ओटिलियाच्या चौकटीला टेकवून ठेवली. ते पाहून शेजारीण गेली. मग वेंडेलीन. संध्याकाळपर्यंत ओक, बीच, देवदार, सगळ्या जातींच्या फळ्यांचा ढीग लागला आणि त्यातून एक वेडंवाकडं दार उभं राहिलं. घरोघरी दारात पडलेलं खिंडार प्रत्येकाने मिळेल त्या लाकडाने बुजवलं.

दार बसलं तशी ओटिलियाने ते लावून घेतलं आणि आतून कडी घातली. माणसं बर्फात ताटकळत राहिली. तिने त्यांना चांगलं ताटकळू दिलं म्हणे, आणि बरंच केलं. मग ती बाहेर आली आणि थेट भट्टीवर गेली. वेंडेलीनने तिची खूण परत पिशवीत टाकायला पुढे केली. तिने ती त्याच्या हातातून घेतली, मग पिशवीही घेतली, आणि सगळ्या गावाच्या खुणा भट्टीत ओतून त्यांना आग लावली. धूर सरळ वर गेला.

तेव्हापासून एल्सेनरोटमध्ये पहिली पाळी नाही. आजही महिन्यातून एकदा भट्टी पेटते, आणि घरी विजेच्या शेगड्या असूनही प्रत्येक घर एक ओंडका घेऊन येतं. एखादा रिकाम्या हाताने आलाच, तर त्याला कुणी रागावत नाही. रांगेतली एखादी म्हातारी तेवढं विचारते, "का रे, तुझ्या घराला दार आहे ना?" आणि तो माणूस, मग तो गावप्रमुख का असेना, खाली मान घालून लाकूड आणायला घरी जातो.