येसबा आणि उकळती वाळू

एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाचा शब्द वेगळा होता.

त्या गावात चंद्राक्कांची फुटाण्यांची भट्टी होती. त्यांनी नवं यंत्र आणलं. उंच पिंपात वाळू आणि खालून पंख्याचा गरम वारा. वारा बेताचा असला की वाळू दुधासारखी उकळते, हरभरे सगळीकडून सारखे भाजतात. एवढ्या नाजूक कामाला आक्कांनी नेमका येसबा निवडला.

पहिल्या दिवशी त्याने वारा जेमतेम सोडला. वाळू जागची हलली नाही. तळचे हरभरे कोळसा झाले, वरचे कच्चेच राहिले. आक्का म्हणाल्या, "निपचित पडलेलं दिसलं की वारा वाढवायचा."

दुपारी आक्कांचे यजमान तात्या जेवून ओसरीवर निपचित पडले होते. येसबाने पंख्याची नळी तिथवर ओढत नेली आणि वारा वाढवला. तात्या उठले. धोतर त्यांच्या आधीच उठलं होतं, ते लिंबाच्या शेंड्यावर सापडलं.

ते वाळूपुरतं होतं, असं आक्कांनी समजावलं. मग सोपं करून सांगितलं, "बुडबुडे दिसले की हरभरे टाक."

दुसऱ्या दिवशी आक्कांचे व्याही आले. चुलीवर चहाला बुडबुडे आले. येसबाने शेरभर हरभरे टाकले. व्याही सभ्य माणूस, त्यांनी चहा चावून प्यायला.

तिसऱ्या दिवशी येसबाने आधीच्या चुकांची भरपाई म्हणून वारा आणखी वाढवला. बुडबुडे एकमेकांत मिसळले. पिंपाएवढा वाळूचा गोळा वर चढायचा आणि धप्पकन आपटायचा. आक्कांनी धावत येऊन वारा कमी केला. यापुढे गेलास तर सगळं धुराड्यातून गावभर जाईल, असं बजावलं. येसबाने मान डोलावली.

चौथ्या दिवशी जत्रा होती. त्या दिवशी घरोघर फुटाणे वाटायचा मान आक्कांच्या घराण्याचा, एकदाही न चुकलेला. देवळात निघताना आक्का म्हणाल्या, "बारापर्यंत फुटाणे गावभर गेले पाहिजेत. एकही घर राहता कामा नये."

येसबा गाडी जुंपायला निघाला आणि थबकला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दोन गोष्टींचा संबंध लागला होता. त्याने फुटाण्यांची सगळी पोती पिंपात ओतली आणि वाऱ्याची चावी शेवटपर्यंत फिरवली.

बाराला आक्का परतल्या. अंबाड्यात वाळू, पदरात चार फुटाणे. मागे निम्मं गाव, डोळे चोळत.

येसबा रिकाम्या पिंपाशी हात जोडून उभा होता.

"गेले, आक्का. एकही घर राहिलं नाही," तो म्हणाला. "वाळूसुद्धा पोचवली."