खरोटेसाहेबांचं दळण

विजेचं बिल पाहून गिरणीवाल्या कलावतीबाईंनी थेट वीज कार्यालय गाठलं. गिरणी महिनाभर बंद, आणि बिल अठरा हजार! तिथले खरोटेसाहेब मान वर न करताच म्हणाले, "दाराला कुलूप होतं. मीटर बघता आलं नाही, म्हणून अंदाजानं लावलं. आधी भरा, मग तक्रार करा."

रविवारी हेच साहेब पाच किलो गहू घेऊन दळायला आले. डबा टेकवतात न टेकवतात तोच कलावतीबाईंनी चाळीस किलोचे पैसे मागितले.

साहेबांचे डोळेच पांढरे झाले. "चाळीस? अहो, डबा केवढा, बघा तरी!"

"झाकण होतं ना, साहेब. आत बघता आलं नाही, म्हणून अंदाजानं लावलं. आधी भरा, मग तक्रार करा."