डाव्या गालावरचा तीळ

"मग ही कोण, सेन्सेई?"

तोमोनारीने ओला छाप आपल्या गुरूंपुढे ठेवला. लाकूड कोरून चित्रं छापण्यात कात्सुरागीबाईंचं आयुष्य गेलं होतं. क्योतोजवळच्या कार्यशाळेत त्या अजून रोज कामाला बसत. त्यांनी चष्मा पुसला.

"तूच कोरलीस ना? मला काय विचारतोस?"

"मी आई कोरली होती. ही आई नाही."

तोमोनारीची चित्रं तोक्योच्या मोठ्या दालनांत लागत. त्याच गडबडीत आईच्या अखेरीला पोहोचणं राहून गेलं. फोटो काढायचा म्हटलं की ती तोंड फिरवायची, त्यामुळे धड एक फोटो नव्हता. आता तिचा चेहरा आठवणीतूनही निसटत चालला होता, आणि त्याचा जीव कासावीस झाला होता.

छापताना चित्र उलटं उमटतं. म्हणून आधी पातळ कागदावर चित्र काढतात, तो लाकडावर पालथा चिकटवतात आणि मगच कोरतात. पण स्वतःच्या आईसाठी कागद कशाला? पठ्ठ्याने थेट लाकडावर पटाशी चालवली. छापून बघतो तर डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर!

"नवशिकासुद्धा अशी चूक करत नाही," तो पुटपुटला. त्याने रंधा उचलला. "सगळं तासून टाकतो. पुन्हा कोरतो."

"पुन्हा आठवेल?"

त्याला भीती होती ती हीच.

बाईंनी छाप भिंतीला टेकवला आणि त्याला समोर बसवलं.

"लहानपणी सकाळी उठायचास, तेव्हा आई कुठे असायची?"

"आरशापुढे. केस विंचरत."

"आणि तू?"

"तिच्या मागे. अंथरुणातून उठून तसाच जायचो, तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवायचो. मग ती आरशातूनच माझ्याशी बोलाय..."

तो थांबला. भिंतीकडे बघतच राहिला. तीळ उजव्या गालावर होता. आरशात तो तिथेच असायचा.

तो छापाजवळ सरकला.

"सेन्सेई, तिला हाक मारावीशी वाटते हो," तो कसाबसा म्हणाला. डोळे भरून आले होते. रंधा मात्र अजून हातातच होता.

कात्सुरागीबाई हळूच म्हणाल्या, "तो खाली ठेव आधी... तिचं विंचरून व्हायचंय अजून."