लोकांना चालेल का?

फार जुनी गोष्ट. तेव्हा गायरानातली जनावरं आपला पुढारी आपणच निवडत. पुढाऱ्याला काम एकच होतं: लांडगा आला की सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं.

त्या वर्षी काळी म्हैस निवडणुकीला उभी राहिली. मागच्याच हिवाळ्यात तिने लांडग्याला शिंगावर घेऊन ओढ्यात भिरकावलं होतं.

"मला चालेल हो," बैल म्हणाला, "पण बाईमाणूस, त्यात काळी. शेळ्यांना चालायची नाही."

शेळ्या म्हणाल्या, "आमचं काही नाही बाई. पण बैलांना पटेल का?"

मेंढ्यांनी दोघांकडे बघून मान डोलावली.

शेवटी सगळ्यांना चालेल असा पांढराशुभ्र वळू निवडून आला. त्याने जन्मात लांडगा पाहिला नव्हता, पण गळ्यात हार पडल्यावर तो शोभला मात्र फार.

हार सुकायच्या आत लांडगा आला. वळू हारासकट पळाला. बाकीची जनावरं धापा टाकत म्हशीकडे धावली. "म्हशीबाई, तुम्हीच पुढे व्हा!"

म्हैस डबक्यातून उठलीसुद्धा नाही. रवंथ करत म्हणाली, "मला चालेल हो. पण बाईमाणूस, त्यात काळी. लांडग्याला चालेल का, तेवढं एकदा विचारून या."