शेवंताच्या डोळ्याखालचा भोवरा

गोजराकडे एकच परकर होता, आणि त्याला इतकी ठिगळं होती की त्याचा मूळ रंग कुठला हे कुणालाच सांगता येईना. आईबाप लहानपणीच गेलेले. ती आपल्या दौलूमामाजवळ राहायची, निळ्या नदीच्या काठी, पागेच्या कोपऱ्यातल्या गवती झोपडीत. पागा म्हणजे घोड्यांचं घर. दौलूमामा तिथे मोतद्दार होता. घोड्यांना चारा-पाणी करायचा, खरारा करायचा, त्यांच्या माश्या हाकलायचा आणि दिवसभर कपाळावर हात मारायचा. मामाचं एकच वाक्य होतं, "काय करू गं पोरी, काय करू?"

आणि गोजरा होती दचकरी. पान पडलं, दचकली. बेडूक उडाला, दचकली. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकून ती बादलीत बसली होती! पागेतली मुलं तिला हसायची. हसली नाही ती फक्त शेवंता.

शेवंता म्हणजे मातकट रंगाची, जाड पायांची, झुपकेदार शेपटीची एक साधीसुधी घोडी. गोजरा तान्ही असताना मामा तिची टोपली शेवंताच्या पायाशी ठेवून कामाला जायचा. ढग गडगडले, कुत्री भांडली, पत्रा कोसळला, तरी शेवंता आपली उभीच. एक खूर उचलायचा तर आधी खाली बघायची, टोपली कुठे आहे ती. दचकणाऱ्यालाच कळतं, न दचकणारं कुणी शेजारी असलं की किती बरं वाटतं ते.

पण शेवंताच्या डाव्या डोळ्याखाली एक भोवरा होता. खेळायचा नव्हे हं! केसांचा. बोटाने गोल गोल फिरवल्यासारखा इवलासा. घोड्यांची पारख करणारे त्याला 'आसुढाळ' म्हणत. म्हणजे आसवं ढाळायला लावणारा. असा भोवरा असलेली घोडी अपशकुनी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. घोडीला कुणी विचारलं नव्हतं.

पागेचे मालक होते रायाजीराव. दरवर्षी हिवाळा सरता सरता ते घोड्यांच्या आया निवडायचे. जिच्या आयाळीत लाल गोंडा बांधला, ती पागेत राहणार, तिला शिंगरं होणार, ती शिंगरं मोठी होऊन घाटावरच्या गावांना मीठ, धान्य आणि औषधं पोचवणार. जिला गोंडा नाही, ती जाणार चुना दळायच्या घाणीवर. डोळ्यांना झापड, आणि दिवसभर गोल गोल फिरायचं. कुरण नाही, नदी नाही.

निवड कशी? तर रंग बघून. दुधासारखी शुभ्र चांदणी, मधासारखी केशर, चारही पाय पांढरे असलेली रेशमा! रायाजीराव हरखून जायचे. आणि मग वर्षभर डोकं धरून बसायचे.

"अरे, इतक्या देखण्या आया निवडतो मी!" ते ओरडायचे. "मग शिंगरं अशी कशी? फुलपाखरू दिसलं की उधळतात! परवा ससा आडवा गेला, तर सगळं मीठ दरीत! दरीला काय भाजी करायची होती?"

त्यातून पागेची एक रीतच होती. शिंगरू चांगलं निघालं, तर ते तुफानचं, म्हणजे पागेतल्या काळ्याभोर घोड्याचं. लोक म्हणायचे, "बापावर गेलंय!" आणि शिंगरू भित्रं निघालं, तर आईचं. चांगल्या शिंगराची आई कोण, हे कधी कुणी विचारलंच नाही. आता, याला काय म्हणावं?

निवडीचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळीच रायाजीरावांनी शेवंताकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "ही तेवढी यंदा घाणीवर." पागेचा चारा ओढायला म्हणून आजवर तिला गोंड्याशिवायच ठेवलं होतं. शेवंताच्या पोटात शिंगरू होतं, तरीसुद्धा.

डोळे पुसत गोजरा कुरणात गवत कापायला गेली. कोवळं सोनेरी ऊन पडलं होतं. गवताच्या पात्यापात्यावर दहिवर लखलखत होतं. लाल, हिरवे, जांभळे, मोतीच मोती! तेवढ्यात गवतातून आवाज आला, "विळा सांभाऽऽळ!"

गोजरा इतकी दचकली की विळा एकीकडे आणि ती एकीकडे.

गवतात एक परी अडकली होती. बोटभर उंच. अंगावर चांदण्याचं झिरझिरीत वस्त्र, केसांत जांभळ्या फुलाची पाकळी, पाठीवर दोन चमचमते पंख, आणि त्या पंखांत ही एवढी कुसळं!

"बघतेस काय? काढ ना!" परी वैतागून म्हणाली. "रोज सकाळी हेच. मी कुरणाची परी, दहिवरी माझं नाव, आणि माझ्याच कुरणात मीच अडकते. सांगू कुणाला?"

"परीताई, हलू नका हं," गोजरा म्हणाली. तिने एकेक कुसळ हळूच उपसलं, पंखाची चिमुकली शीरसुद्धा दुखावू न देता. शेवटी फुंकर घातली. पंख झळाळले.

"हात बरा आहे तुझा," परी जराशी निवळली. मग तिने पानाचा इवलासा द्रोण पुढे केला. त्यात दहिवराचे तीन थेंब थरथरत होते. "या तीन इच्छा. पण नियम ऐक. दर वेळी अर्धे नियम ऐकतात माणसं आणि मग माझ्या नावाने रडतात. पहिला नियम, स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसरा, दहिवर सुकायच्या आत मागायचं. तिसरा, तू जे बोलशील तेच होईल. मनात काय होतं ते मला दिसत नाही. कळलं?"

"कळलं!" गोजराचा आनंद गगनात मावेना. काय मागायचं ते तिला ठाऊकच होतं. तिने डोळे मिटले आणि घाईघाईने म्हणाली, "तो भोवरा नाहीसा होऊ दे!"

एक थेंब उडाला. रुपेरी ठिणग्यांचा पाऊस पडला. आणि कुंपणापलीकडून भोकाड ऐकू आलं, "माझा भोवराऽऽ! आत्ता फिरत होता! गेला कुठे?"

तो होता पिरू, रायाजीरावांचा धाकटा मुलगा. त्याचा लाकडी भोवरा जाळीसकट गायब झाला होता.

परीने कपाळावर हात मारला. अगदी दौलूमामासारखा. "कुठला भोवरा, ते बोललीस? नाही. मला दिसला तो फिरवला... म्हणजे घालवला! अगं बाई, तुमच्या भाषेत एका शब्दाला तीन तीन गोष्टी, आणि बोलणी खायची मी!"

"पण आता पिरू रडतोय," गोजरा कासावीस झाली.

"रडू दे. त्याचा बाप दुसरा आणेल. तू दुसरी इच्छा नीट माग."

गोजराने द्रोणातल्या दोन थेंबांकडे पाहिलं. मग कुंपणाकडे पाहिलं. "तो त्याने स्वतः कोरला होता, परीताई. बोट कापून घेतलं होतं. पिरूचा भोवरा पिरूला परत मिळू दे."

"वाया!" परी किंचाळली. "अख्खा थेंब वाया!" पण थेंब उडाला, आणि पलीकडचं रडं असं थांबलं, जसं कुणी बूच बसवलं.

आता उरला एकच थेंब. गोजराने तोंड उघडलं, तशी परीने तिच्या ओठांवर पंख ठेवला. "थांब! आता मला धोका नको. घोडीसमोर उभी राहा, भोवऱ्यावर बोट ठेव, आणि मग बोल. चल, ऊन चढतंय."

परीला खांद्यावर बसवून गोजरा धावली. घोड्या तोवर नदीच्या उतारावर अंघोळीला नेल्या होत्या. अंघोळ झाली की तिथेच गोंडे बांधायचे. पाणी कसं नितळ निळं, त्यात चांदणी चांदीसारखी झळकत होती, केशरच्या पाठीवर ऊन सांडलं होतं. मागे त्यांची लांब पायांची, मऊ कानांची शिंगरं बागडत होती. शेवंता एका बाजूला. तिला अंघोळ घालायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. उताराच्या जरा खाली काळा डोह होता, आणि डोहात सतत गरगरणारा पाण्याचा भोवरा.

गोजरा शेवंतापाशी पोचली. तिने बोट उचललं. खांद्यावरच्या पानात थेंब अगदी बारीक झाला होता.

"लवकर," परी कुजबुजली.

इतक्यात एक खंड्या आला. एवढासा पक्षी, निळा निळा. त्याने माशासाठी पाण्यात सूर मारला. चुळ्ळुक्!

झालं! चांदणी दोन पायांवर उभी राहिली. केशर उधळली. रेशमा उधळली. रायाजीराव चिखलात आडवे झाले, आणि गोंड्यांची टोपली त्यांच्या डोक्यावर. गोजरासुद्धा दचकली, खोटं कशाला सांगायचं? त्या गोंधळात चांदणीचं पांढरंशुभ्र शिंगरू घसरलं, वाहत गेलं, आणि डोहात भोवऱ्याच्या तोंडाशी पोचलं. चांदणी पार कुरणाच्या टोकाला पळाली होती.

"माझं शिंगरू!" रायाजीराव ओरडले. "दौलू! कुणीतरी!"

शिंगराचे काळेभोर डोळे पाण्यावर दिसत होते. गोल फिरले. पुन्हा गोल फिरले.

गोजराचं एक बोट शेवंताच्या डोळ्याखाली होतं. थेंब एकच होता.

"भोवरा..." ती म्हणाली, आणि थबकली. तिने मोठा श्वास घेतला. शेवंताच्या गालावरचं बोट काढून तिने डोहाकडे रोखलं. "नदीतला! डोहातला, पाण्याचा भोवरा नाहीसा होऊ दे!"

"हां! आता कसं नीट बोललीस!" परी म्हणाली, आणि थेंब उडाला.

नदीवर इंद्रधनुष्य लवलवलं. गरगरणारं पाणी हळूहळू सैल झालं आणि आरशासारखं स्तब्ध झालं. पण शिंगरू? ते मधोमध पाय मारत होतं, भेदरून जागच्या जागी. किनारा कुठे आहे हेच त्याला कळेना.

मग शेवंता निघाली. कुणी हाकलं नाही, कुणी बोलावलं नाही. आपल्या जाड पायांनी, पोटातलं ओझं सांभाळत, ती शांतपणे पाण्यात उतरली. शिंगराच्या पलीकडून वळली. नाकाने त्याला ढकललं. शिंगराने तिच्या झुपकेदार शेपटीत तोंड खुपसलं आणि तिच्यामागून थेट काठावर आलं. मग बाकीची शिंगरंही कुठून कुठून धावत आली आणि तिच्याभोवती दाटीवाटीने उभी राहिली. एकाचीही आई परतली नव्हती.

शेवंताने मान वर केली आणि खिंकाळली.

पलीकडच्या काठावर घाटावरून उतरलेली ओझ्याची चार-पाच घोडी थांबली होती. मातकट, जाड पायांची, पाठीवर पोती असलेली. खंड्या त्यांच्याही नाकासमोरून गेला होता. त्यांनी कान हलवला होता फक्त. शेवंताचा आवाज ऐकताच ती सगळी एकदम खिंकाळली, लहानपणी खिंकाळायची तशी, आणि पोत्यांसकट नीट रांगेने पाणी ओलांडून तिच्याकडे आली. सगळ्यांनी तिच्या मानेला नाकं घासली.

चिखलात बसलेले रायाजीराव बघतच राहिले. "दौलू, ही तर माझी घाटातली सगळ्यात भरवशाची घोडी. तुफानची लेकरं!"

"व्हय सरकार. पर तुफान काय त्यांना पोटात घेऊन हिंडला न्हाई," मामा म्हणाला. "आई कोन, ते ही लेकरंच सांगत्यात बघा."

रायाजीराव उठले. कपाळावरून चिखल ओघळत होता. "म्हणजे इतकी वर्षं मी..." डोक्यावरचाच लाल गोंडा काढून त्यांनी तो शेवंताच्या आयाळीत बांधला. पहिला गोंडा! शेवंताने तो चाखून पाहिला.

"पोरी," ते गोजराला म्हणाले, "तू ओरडलीस आणि नदी थांबली, हे मी पाहिलंय. तुला काय हवं ते माग."

गोजरा घाबरून खांद्याकडे बघत कुजबुजली, "स्वतःसाठी मागायचं नसतं ना?"

"तो नियम माझा!" परी वैतागली. "हा माणूस आहे. याला कसले नियम? माग बाई, माग एकदाची!"

"मला शेवंताजवळ राहू द्या," गोजरा म्हणाली. "आणि तिच्या शिंगराला शेवंताचं शिंगरू म्हणा."

"म्हणू," रायाजीराव म्हणाले. "आणि ते तुझंच. आणि अरे, हिला नवा परकर आणा कुणीतरी, हा कुठला रंग आहे!"

ऊन चढलं होतं. गवतावरचं दहिवर विरू लागलं. परीचे पंखही काठाकाठाने विरत होते. जाता जाता तिने पंखावरचा शेवटचा थेंब बोटावर घेतला. "हा तुझ्या तीनमधला नाही. न मागितलेल्याला नियम नसतात," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. तिने तो थेंब शेवंताच्या डोळ्याखाली, बरोबर भोवऱ्याच्या मध्यावर टेकवला. लख्खकन उजेड झाला, सोन्याचा, मोत्यांचा, कोवळ्या गवताचा, आणि उजेड निवळला तेव्हा भोवरा तिथेच लखलखत होता, आणि खांद्यावर फक्त एक सुकलेलं पान होतं. आणि एक कुसळ.

त्या कुरणात आता डोळ्याखाली भोवरा असलेलं शिंगरू जन्मलं की घरोघर गूळ वाटतात. आधी आईचं नाव घेतात, मग शिंगराचं.

आणि गोजरा? ती अजूनही दचकते. बेडूक उडाला की दचकते, पान पडलं की दचकते. मग हात लांब करते. शेजारी मातकट रंगाचं, जाड पायांचं, मऊ नाकाचं कुणीतरी उभं असतंच.