झबल्याची दुमड

“नेमकं किती वाजता सुरू झालं?” मुल्ला मॅडमनी विचारलं.

“सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मॅडम. अंगावर पिता पिता धाप लागली, बरगड्या आत आत ओढायला लागल्या. तीन महिने झाले...”

मालननं हे वीस जणांना सांगितलं होतं. विसांनी मान डोलावली होती.

मांडीवर सात महिन्यांची चिऊ. पोट भात्यासारखं हलतंय, आणि बाईसाहेब हसतायत!

तरुण डॉक्टर सौमित्र म्हणाले, “हिच्या फुप्फुसाचा तुकडा तपासायला काढला होता, त्याची काच मी स्वतः पाहिली, मॅडम. साफ आहे. ताईंना काळजी करायची सवयच आहे.”

मालननं पदर डोळ्यांना लावला.

तपासखोलीत सगळ्यांना शिकवणाऱ्या मुल्ला मॅडम म्हाताऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, “साफ? मग ही धापते ती हौसेनं?”

मॅडमनी एक काच त्यांच्यापुढे सरकवली.

“त्याच तुकड्याची ही दुसरी काच. वेगळा रंग दिलाय. बघ.”

सौमित्रनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ उचललाच नाही.

“तपकिरी ठिपके... बारीक श्वासनळ्यांच्या कडेनं. केवढे!”

“श्वासाची खबर ठेवणाऱ्या पेशी. तुला-मला चिमूटभर, हिला पसाभर.”

“कॅन्सर?” मालननं चिऊला छातीशी धरलं.

“नाही गं पोरी. नुसती गर्दी.”

सौमित्रनी पेन काढलं. “औषध कोणतं लिहू?”

मॅडमनी चिऊच्या झबल्याची कड उलटली. आत चार बोटं कापड दुमडून टाके घातलेले.

“हे कशाला ठेवलंस?”

“वाढेल की ती! मग उसवायचं.”

“लिहा, डॉक्टर.”

“काय लिहू?”

“ती म्हणाली ते... वाढेल. तोवर नळीनं ऑक्सिजन.”

“आणि त्या जास्तीच्या पेशी?”

“राहू देत की. फुप्फुस वाढलं की त्यांची गर्दी वाटणार नाही.”

सौमित्र त्या दुमडीकडे बघत राहिले... तेवढ्यात चिऊनं त्यांचं पेन हिसकून तोंडात घातलं.

“चुकलं माझं, ताई.”

मालन हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि इतकी की चिऊपण खिदळायला लागली.

“घरी वाट बघतायत, मॅडम. काय सांगू?”

“सांग, दुमड उसवायला कात्री शोधून ठेवा. आणि वाटेत कुणी असंच लेकरू घेऊन रडताना दिसली, तर तिलाही सांग... एका काचेवर विसंबून उठून जाऊ नकोस म्हणावं.”