बर्णबाला जरा उशीर होतोय

नगरच्या पूर्वेला, काळे रान संपून खडकाळ माळ सुरू होतो तिथे, देवखडी नावाचे गाव होते. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत शांतवनबाबा पाळक म्हणून आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. बाबांच्या गळ्यात एकतारी असे, आणि त्यांचे भजन ऐकायला देवळाबाहेर इतर आळ्यांची माणसेही येऊन बसत. असे गोड माणूस मंडळीला लाभले, हे मंडळीचे भाग्य! मंडळीने त्या भाग्याचे काय केले, ते ऐका.

गावाच्या ओढ्यापलीकडे महारोग्यांची वस्ती होती. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. ज्याला तो झाला त्याला घरचेच ओढ्यापलीकडे सोडून येत आणि मागे वळून बघत नसत. बाबा मात्र दर प्रभुवारी, म्हणजे रविवारी, उपासना आटोपली की भाकर आणि पेला घेऊन तिकडे जात आणि त्या लोकांना प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि घोट, देत. वस्तीचा पितळी पेला वेगळा ठेवलेला होता. ती व्यवस्था शमुवेल पंचांची. पंच मंडळीत सगळ्यांत वडील, दगडी घराचे धनी, आणि शास्त्रातले अध्यायच्या अध्याय त्यांना पाठ. पाठच होते, एवढेच.

आता मंडळीची एक रीत सांगायला हवी. मनुका भिजवून काढलेला रस पेल्यात घालायचा आणि एकच पेला सगळ्यांच्या ओठांना लावायचा. उरलेला रस ओतून द्यायचा नाही. जो पेला देतो त्यानेच तो सर्वांच्या शेवटी प्यायचा. गावात या रीतीचे कुणाला काही वाटत नसे. वस्तीत मात्र हीच रीत पाळायची म्हटले की भलेभले मागे सरत. बाबा शेवटचा घोट घेत, तोंड पुसत आणि भजन सुरू करत.

एका हिवाळ्यात बाबांचे पाय गेले. उपासनेनंतर ते बसूनच म्हणाले, "मंडळी, वस्तीवर माणसं वाट बघतात. पेला कोण नेईल?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शमुवेल पंच खाकरले आणि म्हणाले, "या विषयावर आपण प्रार्थना करू या." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

तेवढ्यात मागून बर्णबा उठला. हा देवळाचा झाडूवाला आणि घंटा वाजवणारा. बायको गेलेली, लेक आणि नातू एवढाच त्याचा संसार. घंटेचा दोर ओढताना कितीतरी दिवस त्याला आतून कुणीतरी म्हणत होते, 'बर्णबा, तू जा.' तो मनातल्या मनात नाही म्हणत होता, आणि आतले बोलणे काही थांबत नव्हते.

"बाबा, म्या जाईन," तो म्हणाला. "पर लई भ्या वाटतंय."

पंच मोठ्याने हसले. "घंटा बडवणं आन् पेला नेणं एकच वाटलं व्हय रं? प्रार्थनेत चार शब्द धड बोलाया येत न्हाईत तुला!"

बाबा म्हणाले, "भीती वाटते तर भीतीला बरोबर घेऊन जा, बाळा. प्रभूने बोलावलं आहे. भिऊ नकोस म्हणून तो पुन्हा पुन्हा सांगतो, ते आपण भितो म्हणूनच." आणि त्यांनी बर्णबाचे नाव वस्तीवर निरोपाने कळवले.

पुढच्या प्रभुवारी बर्णबा निघाला. ओढ्याच्या अलीकडे एक बाभूळ आहे, तिथपर्यंत तो नीट गेला. पलीकडे माणसे काठावर येऊन बसलेली दिसत होती. त्यांच्यात पुढे राही नावाची एक म्हातारी होती; तिने धुतलेले फडके मांडीवर अंथरले होते. तिच्या हाताला बोटे नव्हती. बर्णबाने ते हात पाहिले, आणि त्याच क्षणी त्याला नातवाचे हात आठवले. हा पेला आधी तिच्या ओठांना लागणार आणि मग माझ्या. मग मी नातवाला उचलून कसा घेऊ?

तो बाभळीआड बसला. रस टाकायचा नाही ही रीत त्याच्या हाडीमांसी भिनलेली होती. म्हणून त्या भल्या माणसाने रस ओतला नाही, भाकर टाकली नाही. भुकेल्यांची ती पंगत एकट्यानेच खाऊन-पिऊन संपवली आणि रिकामा पेला घेऊन तो परत आला. रीत पाळली आणि माणसे उपाशी ठेवली! आजही हे सांगताना जीव तुटतो.

"सगळ्यांनी घेतलं?" बाबांनी विचारले.

बर्णबाने हो म्हणून मान हलवली. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. नातू जवळ आला की तो उगाच अंगणात निघून जाई.

पुढच्या उपासनेत पंच उभे राहिले. "मंडळी, ह्यो ओढा वलांडून गेलाच न्हाई! बाभळीखाली बसून समदा पेला एकल्यानं रिचवला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. असल्या लबाडाच्या हातात घंटेचा दोर बी नगं!"

बर्णबा बाबांच्या पायांशी कोसळला. "खरं हाय, बाबा. म्या गेलो न्हाई. राहीआई फडकं आथरून बसली व्हती आन् म्या गेलो न्हाई."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. मी तुला पेला दिला, सोबत दिली नाही. गाडी जोडा. आज आपण सगळेच जाऊ."

बैलगाडीत बाबा, मागे सारी मंडळी, अशी ती वरात ओढ्यावर आली. पलीकडून दगडू नावाचा वस्तीचा कारभारी काठावर आला.

"बाबा, आलासा?" तो ओरडला. "राही गेली, बाबा. परवा माती दिली."

बर्णबाने तोंड झाकून घेतले. पंच मात्र पुढे झाले. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ त्यांना फार लांबून दिसे. "दगडू! मागल्या प्रभुवारी पेला मिळाला न्हाई ना तुमास्नी? सांग समद्यांम्होरं!"

"मिळाला की!" दगडू म्हणाला. "एक जण आला व्हता. पेला नव्हता त्याच्यापाशी. राहीला म्हनला, तुझाच पेला दे. तिच्या पेल्याला आजवर कुनी शिवलं नव्हतं, बाबा. तिला बोटं न्हाईत म्हनून त्यानंच तिच्या व्हटाला लावला, समद्यांना पाजला, आन् उरल्यालं शेवटाला तो प्यायला."

"कोण व्हता त्यो?" पंचांनी विचारले.

"नाव न्हाई सांगितलं. म्हनला, बर्णबाला जरा उशीर होतोय, म्हून म्या आलो. पर यील त्यो, म्हनला. आमाला वाटलं, आमच्यातलाच असंल कुन्या दुसऱ्या वस्तीवरचा. त्याच्या बी दोन्ही तळहातांना जखमा व्हत्या."

बाबांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

"राही मरस्तवर म्हनत व्हती," दगडू पुढे म्हणाला, "बर्णबा यील, त्याच्यासाठी पेला घासून ठिवा. तुमच्यात बर्णबा कोन हाय?"

गाडीतला रस आणि भाकर घेऊन बर्णबा पाण्यात उतरला. भीती गेली होती असे नाही. पण तो ओढा ओलांडून गेला, राहीचा घासून ठेवलेला पेला त्याने हातात घेतला, त्यात रस ओतला आणि एकेकाच्या ओठांना लावला. शेवटचा घोट स्वतः प्यायला. राहीची जागा तेवढी रिकामी होती.

अलीकडच्या काठावर बाबा हळूच म्हणाले, "पंच, तुम्ही त्या दिवशी इथेच होतात. बर्णबाला पाहिलंत, तसे पलीकडे बसलेले लोकही पाहिलेत. मग प्रभूला कुणाऐवजी यावं लागलं? एकट्या बर्णबाऐवजीच?"

पंचांनी पागोटे काढून गाडीत ठेवले आणि धोतर न आवरता ते पाण्यात शिरले. पलीकडे जाऊन त्यांनी बर्णबासमोर गुडघे टेकले, आणि त्याच्या ओल्या पायांवर डोके ठेवले.

बर्णबाने घाईघाईने पाय मागे घेतले. राहीचा पेला छातीशी धरून तो रडत म्हणाला, "पंच, माझ्या पाया पडू नगा. त्या दिवशी म्या आलोच नव्हतो."